लहान शेतातील यंत्र : पेट्रोल टिलरचा वापर आणि निगा



जमीन मोकळी करणे हे शेतीतील सर्वांत जुने आणि सर्वांत कष्टाचे काम होय. कुदळ, नांगर, वखर आणि कुळव या अवजारांचा इतिहास म्हणजे एका अर्थी हे कष्ट कमी करण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय या अवजारांच्या परंपरेतील एक अलीकडचे साधन आहे : पेट्रोलवर चालणारा आणि माणसाने मागून चालत चालवावयाचा लहान टिलर. ते परसबागेत दिसते, फळबागेत दिसते, डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतांतही दिसते. काही ठिकाणी त्याला पॉवर विडर म्हणतात. नाव कोणतेही असो, फिरत्या आसावर बसवलेली पाती जमीन उकरतात, हे त्याचे मूळ तत्त्व सर्वत्र एकच आहे.

या यंत्राचा विचार करण्याचे कारण उघड आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील एका खातेदाराकडील जमीन सरासरी १.०८ हेक्टर होती, आणि शंभरांपैकी सुमारे शहाऐंशी खातेदार अल्प वा अत्यल्प भूधारक होते. एवढ्या जमिनीवर बैलजोडी बाळगावयाची, तर तिला बारा महिने वैरण घालावी लागते आणि काम मात्र काही आठवड्यांचेच असते. मोठा ट्रॅक्टर तर अशा शेतात शिरला तरी वळत नाही. कुदळ आणि ट्रॅक्टर यांच्यामधील ही मोकळी जागा लहान टिलरने भरून काढली आहे. पण ज्याच्याकडे पैसा थोडा असतो, त्याला यंत्राची खरेदी एकदाच परवडते. तीन-चार हंगामांत ते गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडले, तर त्या कुटुंबाचे होणारे नुकसान श्रीमंत बागाईतदाराच्या नुकसानीहून फार मोठे असते. म्हणून हे यंत्र कसे चालवावे आणि कसे जपावे, हा प्रश्न केवळ कारागिराचा नसून शेतकऱ्याच्या संसाराचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगँड्रा येथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर काही प्रयोग केले. शेतावरील वाफेच्या ट्रॅक्टरच्या शक्तीने पाती फिरवून जमीन उकरता येते काय, हे त्याला पाहावयाचे होते. जमीन उकरली गेली, परंतु माती बाजूला फेकली जाऊ लागली. पुष्कळ खटपटीनंतर इंग्रजी एल या अक्षराप्रमाणे काटकोनात वाकवलेली पाती, बारीक आसावर एकमेकींपासून पुरेशा अंतराने बसवली, की ही अडचण दूर होते, असे त्याच्या ध्यानात आले. १९२० मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९२२ मध्ये ते तयार करणारी कंपनी काढली. आज आपल्याकडील खेड्यापाड्यांत रोटाव्हेटर हा शब्द जो सहज ऐकू येतो, तो हॉवर्डच्याच यंत्रामुळे रूढ झाला. साधारण याच काळात स्वित्झर्लंडमध्ये कॉनराड फॉन मेयेनबुर्ग यानेही फिरत्या दात्यांचे यंत्र सिद्ध केले होते.

पुढे जपानमधील लहान लहान भातखाचरांत या कल्पनेला खरा बहर आला. होंडा कंपनीने आपला पहिला टिलर १९५९ मध्ये बाजारात आणला. भारतात १९६० नंतरच्या दशकात जपानी धर्तीचे पॉवर टिलर येऊ लागले. बंगळूर येथे १९६७ मध्ये आणि केरळात १९७३ मध्ये जपानी कंपन्यांच्या सहकार्याने त्यांची निर्मिती करणारे उद्योग उभे राहिले. हे प्रामुख्याने डिझेलवर चालणारे जड टिलर होते. हलके पेट्रोल टिलर आपल्याकडे त्यांच्या पाठोपाठ आले. पुढील विवेचन या हलक्या यंत्रासंबंधी आहे.

या यंत्राची रचना समजावून घेणे कठीण नाही. वरच्या बाजूस एक सिलिंडर असलेले, हवेने थंड होणारे, बहुधा पाच ते सात अश्वशक्तीचे इंजिन असते. ते मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. एवढा वेग मातीत उपयोगाचा नाही. म्हणून गिअरबॉक्समधून तो कमी करून पात्यांना मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या आसपास फिरवले जाते. वेग घटला की त्या प्रमाणात जोर वाढतो, आणि हाच जोर घट्ट जमीन फोडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. क्लच सुटला की इंजिन चालू राहूनही पाती थांबतात.

टिलरचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पाती इंजिनच्या खाली किंवा पुढे असतात आणि तीच यंत्राला पुढे नेतात. दुसऱ्यात पाती मागे असतात आणि यंत्राला पुढे नेण्याचे काम स्वतंत्र चाके करतात. पहिला प्रकार हलका व स्वस्त असतो, पण त्याला आवरण्यास थोडे कौशल्य लागते. त्याच्या मागील बाजूस जमिनीत रुतणारा एक लोखंडी दांडा असतो. नवखे लोक हा दांडा निरुपयोगी समजून काढून ठेवतात आणि मग यंत्र हातातून पुढे धावते, अशी तक्रार करतात. वास्तविक हा दांडा म्हणजे यंत्राचा लगाम आहे. फिरणारी पाती पुढे पळू पाहतात, दांडा त्यांना मागे ओढून धरतो आणि पुढे जाता न आल्यामुळे पाती खाली शिरतात. दांडा खाली केला की मशागत खोल होते आणि वेग मंदावतो. वर घेतला की मशागत उथळ होते.

यंत्र शेतात नेण्यापूर्वी शेतात माणसाने जावे. दगडगोटे, झाडांची मुळे, तारेचे तुकडे, ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि जमिनीत पुरलेले पाइप यांची पाहणी आधीच करून ठेवावी. एक तार आसाभोवती गुंडाळली गेली, तर अर्धा दिवस तरी वाया जातो.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : जमीन वाफशावर आली आहे काय? पावसानंतर जमिनीतील जास्तीचे पाणी निथळून जाते, ओल राहते आणि मातीच्या कणांमध्ये हवा खेळू लागते. या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. तिची परीक्षा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. ज्या खोलीपर्यंत मशागत करावयाची, तेथील मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा होऊन अंगठ्याच्या दाबाने तो सहज फुटला, तर जमीन तयार आहे. गोळा चिकट राहिला आणि बोटांचे ठसे उमटून चकाकू लागला, तर यंत्र घरीच ठेवावे. गोळाच होत नसेल आणि मातीची धूळ उडत असेल, तर ओलीची वाट पाहावी.

ओल्या जमिनीत टिलर चालवला, तर पात्यांचे तळ माती कापण्याऐवजी ती सारवत जातात. वरवर जमीन भुसभुशीत दिसते, पण पात्यांच्या खोलीवर एक घट्ट थर बसतो. त्यातून पाणी खाली मुरत नाही आणि मुळे खाली उतरत नाहीत. काळ्या चिकण जमिनीत हे नुकसान विशेष होते. असा थर एका सकाळच्या घाईने तयार होतो आणि पुढे कित्येक हंगाम पिकांना जाचतो. बैलांच्या नांगराला चिखलात ओढणे जड जात असे आणि बैल थांबले की माणूसही थांबत असे. इंजिनला चिखलाचा कंटाळा येत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय आता सर्वस्वी माणसाच्या शहाणपणावर सोपवला गेला आहे.

इंजिन सुरू करण्याआधी यंत्र सपाट जागी उभे करून तेलाची पातळी पाहावी. नवे इंजिन अनेकदा तेल न भरताच ग्राहकाच्या हाती येते, आणि आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी ते कोरडे चालवले गेले, तर दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसतो. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावे, जवळपास विडी वा दिवा नसावा आणि टाकी काठोकाठ भरू नये. पात्यांचे बोल्ट घट्ट आहेत का, क्लचची तार मोकळी आहे का, हेही पाहावे. या साऱ्याला पाच मिनिटे लागतात.

इंजिन थंड असेल तर चोक बंद करावा, इंधनाची तोटी उघडावी आणि वेगाचा खटका मध्यावर ठेवावा. क्लच सुटलेला असल्याची खात्री करावी. दोरी प्रथम हळू ओढावी. दाब जाणवला की ती एका झटक्यात ओढावी आणि हाताने सावकाश परत जाऊ द्यावी. सोडून दिलेली दोरी आपटून आतील स्प्रिंग मोडते. इंजिन सुरू झाले की चोक हळूहळू उघडावा. ही क्रिया मोकळ्या हवेतच व्हावी. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत किंवा चारी बाजूंनी झाकलेल्या हरितगृहात तो साचला, तर माणसाला काही उमजण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो.

आता प्रत्यक्ष मशागतीकडे वळू. पहिल्या फेरीत खोलवर जाण्याचा हट्ट धरू नये. पाच ते आठ सेंटिमीटर खोलीची एक फेरी आणि त्यानंतर आडवी, अधिक खोल दुसरी फेरी, हा क्रम यंत्राला आणि माणसाला दोघांनाही मानवतो. यंत्राला ढकलू नये किंवा त्यावर भार टाकू नये. मुठी सैल पण सावध ठेवून, हँडल कमरेच्या उंचीवर आणून, यंत्राला आपल्या चालीने जाऊ द्यावे. घट्ट जमिनीत यंत्र उसळू लागले, तर ताकदीने दाबण्याऐवजी वेग कमी करावा आणि मागील दांडा खाली घ्यावा. ओळीच्या शेवटी लगेच शेजारच्याच पट्ट्यात वळण्याचा प्रयत्न केला, तर फार आखूड वळण घ्यावे लागते. त्यापेक्षा एक पट्टा सोडून पुढच्यात शिरावे आणि सोडलेले पट्टे परतताना घ्यावेत.

चालण्याच्या वेगाचा आणि मातीच्या पोताचा संबंध थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. पाती मिनिटाला १२० फेऱ्या करीत असतील, तर त्या सेकंदाला दोन होतात. एका चकतीवर चार पाती असतील, तर एका जागी सेकंदाला आठ घाव पडतात. यंत्र ताशी एक किलोमीटर या वेगाने पुढे सरकत असेल, तर प्रत्येक घावाला सुमारे साडेतीन सेंटिमीटर माती निघते. ताशी दोन किलोमीटर असेल, तर सात सेंटिमीटर निघते. म्हणजे ढेकळे लहान हवीत की मोठी, हे पात्यांइतकेच पावलांवर अवलंबून असते. एकाच जागी रेंगाळत, पुन्हापुन्हा फेऱ्या मारीत राहिल्यास मातीचे पीठ होते.

मातीचे पीठ होणे हे मशागतीचे यश नव्हे. चांगली माती रवाळ असते. तिच्यात हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या आकाराचे कण असतात, आणि त्यांच्यामधील पोकळ्यांतून पाणी व हवा खेळतात. पीठ झालेल्या मातीवर पहिला जोराचा पाऊस पडला, की वर पापडी धरते. कोवळ्या अंकुराला ती फोडता येत नाही, आणि पाणी न मुरता वाहून जाते व जाताना माती घेऊन जाते. अति मशागतीने जमिनीतील सेंद्रिय द्रव्य लवकर जळते आणि गांडुळांची घरे मोडतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशांत धुळीची जी भयंकर वादळे उठली, त्यांच्यामागे दुष्काळाबरोबरच गवताळ जमिनीची बेसुमार नांगरट हेही कारण होते. त्यानंतर १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर या अमेरिकन लेखकाने नांगराच्या उपयुक्ततेलाच आव्हान देणारे पुस्तक लिहिले आणि मोठा वाद निर्माण झाला. त्या वादाच्या खोलात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु मशागत जितकी अधिक तितके पीक चांगले, हा समज खरा नाही, एवढे आज सर्वमान्य आहे.

तणांच्या बाबतीतही विवेक हवा. बियांपासून उगवलेले कोवळे तण टिलरने सहज मरते. पण हराळी आणि लव्हाळा यांचे तसे नाही. हराळीच्या कांड्यांचे जितके तुकडे होतील, तितकी नवी रोपे उगवतात. लव्हाळ्याच्या गाठीही पाती शेतभर पसरवतात. जेथे ही तणे माजली असतील, तेथे ती खणून, वेचून आणि उन्हात वाळवून मगच टिलर घालावा. उतारावरील शेतात यंत्र उताराला आडवे, समपातळीत न्यावे, म्हणजे सरींतून पाणी खाली धावणार नाही. मात्र उतार तीव्र असेल तर यंत्र कलंडण्याचा धोका असतो. शिवाय तेल तळाशी एका बाजूला जाऊन इंजिनच्या आतील भागांना वंगण मिळत नाही. अशा जागी कुदळच बरी.

आता सर्वांत गंभीर भागाकडे वळले पाहिजे. धडधाकट माणूस दिवसभर सातत्याने जे काम करू शकतो, ते सुमारे एक दशांश अश्वशक्तीचे असते. म्हणजे पाच अश्वशक्तीचे इंजिन हाती घेणाऱ्या माणसाच्या मुठीत पन्नास माणसांचे बळ असते. हे बळ माती आणि पाय यांत फरक करीत नाही. सेकंदाला आठ घाव घालणाऱ्या पात्यांपुढून पाय मागे घेण्यास माणसाला अवधी मिळत नाही.

अनेक गंभीर अपघात यंत्र मागे घेताना होतात. माणूस उलट्या पावली चालतो, मागे ढेकूळ, वरंबा किंवा झाडाचे खोड असते, तो पडतो आणि यंत्र त्याच्या अंगावर येते. म्हणून मागे घेताना पाती बंद असावीत, वेग अगदी कमी असावा आणि मागची वाट आधी पाहिलेली असावी. भिंत वा कुंपण पाठीशी असताना यंत्र मागे घेऊच नये. हात सुटताच पाती थांबावीत, यासाठी हँडलवर एक दांडी दिलेली असते. सतत दाबून धरल्याने बोटे दुखतात म्हणून काही लोक ती दोरीने किंवा तारेने बांधून ठेवतात. बोटांना मिळालेल्या या आरामाची किंमत कधी कधी पायाने मोजावी लागते. ही दांडी बांधलेले यंत्र दिसले, तर पाहणाऱ्याने ती गाठ सोडावयास लावावी.

सैल धोतर, लोंबणारा पदर, ओढणी किंवा उपरणे घालून यंत्राजवळ जाऊ नये. पायांत जाड बूट असावेत. लहान मुलांना शेताबाहेर ठेवावे, कारण नव्या यंत्राभोवती तीच प्रथम जमतात. पात्यांत गवत अडकले, तर इंजिन बंद करून आणि स्पार्क प्लगची टोपी काढूनच हात घालावा. केवळ क्लच सोडणे पुरेसे नाही. थकव्याचाही विचार करावा. साठ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे घेत एक एकर जमीन एकदा उकरावयाची, तर माणसाला जवळजवळ पावणेसात किलोमीटर चालावे लागते, आणि तेही थरथरणारे हँडल धरून. हातांना मुंग्या येऊ लागल्या की विश्रांती घ्यावी. दिवेलागणीला, काम संपवण्याच्या घाईत, थकलेल्या हातांनी चालवलेले यंत्र सर्वांत धोक्याचे असते.

काम संपले म्हणजे निगा सुरू होते. पात्यांची माती ओली असतानाच लाकडी चिपेने खरवडून काढावी. इंजिनवर पाण्याचा फवारा मारू नये. सिलिंडरच्या भोवती पातळ धातूचे जे पंखे असतात, त्यांच्या फटींतील काडीकचरा ब्रशने काढावा. या इंजिनला थंड करणारे पाणी नसते. फटींतून वाहणारी हवा हाच त्याचा एकमेव आधार आहे.

तेल हे इंजिनचे रक्त आहे, असे कारागीर म्हणतात ते योग्यच आहे. नव्या इंजिनचे तेल साधारणतः पहिल्या वीस तासांनंतर बदलावे, कारण नव्या भागांच्या घर्षणातून निघालेले धातूचे बारीक कण त्यात उतरलेले असतात. पुढे यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे पन्नास ते शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी ते बदलत राहावे. अशा इंजिनमध्ये तेल बहुधा अर्धा ते पाऊण लिटरच मावते. म्हणजे खर्च थोडा असतो, आणि इतक्या थोड्या तेलावर सारा भार असल्यामुळे दुर्लक्षाचा परिणामही लवकर होतो. तेल गरम असताना काढावे, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. काढलेले तेल मातीत वा ओढ्यात ओतू नये. येथे एक खुलासा आवश्यक आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल वेगळे भरावयाचे असते आणि पेट्रोल शुद्ध वापरावयाचे असते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ही गल्लत झाली की चांगले इंजिनही वाया जाते. म्हणून आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे, हे टाकीवर रंगाने लिहून ठेवावे.

हवेच्या गाळणीचे, म्हणजे एअर फिल्टरचे, महत्त्व आपल्या धुळीच्या देशात कितीही सांगितले तरी कमीच. गाळणी फाटलेली असली की धूळ सिलिंडरमध्ये शिरते आणि तेलात मिसळून पॉलिश कागदाप्रमाणे आतील भाग घासते. गाळणी तुंबली की हवा कमी पडते, काळा धूर येतो आणि पेट्रोल अधिक लागते. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, तेलाचे काही थेंब लावून पिळून बसवावी. कागदाची गाळणी मात्र धुऊ नये व तिला तेल लावू नये. हलके आपटून धूळ झाडावी आणि ती काळवंडली की बदलावी. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर काम असेल, तर गाळणी रोज पाहावी.

स्पार्क प्लग काढून पाहिला, तर तो इंजिनच्या प्रकृतीची नाडी सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी मिळत आहे. टोक तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये तेल चढत आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन फार तापते आहे. टोकांमधील अंतर बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे लागते. पात्यांची झीजही पाहावी. झिजलेली पाती माती कापत नाहीत, नुसती बडवतात, आणि इंजिनवर भार येतो. पाती बदलताना दोन्ही बाजूंची बरोबर बदलावीत, आणि धारेची कडा फिरण्याच्या दिशेने पुढे येईल, अशी ती बसवावीत.

हंगामानंतरच्या साठवणीत अनेक यंत्रांचे आयुष्य संपते. टाकीत राहिलेले पेट्रोल काही आठवड्यांत जुने होते आणि कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत त्याचा चिकट थर बसतो. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पावसाळी दमट हवेत उभ्या असलेल्या यंत्राच्या टाकीत पाणी साठू शकते. अनेक जुनी लहान इंजिने इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असे धरून बनवलेली आहेत. त्यांतील रबरी नळ्या व वॉशर यांकडे विशेष लक्ष द्यावे. यंत्र महिनाभरापेक्षा अधिक काळ उभे राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. मग प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये घालावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, प्लग पुन्हा बसवावा आणि दाब जाणवेल तेथे दोरी थांबवावी. त्या स्थितीत झडपा बंद असतात आणि ओलावा आत शिरत नाही. पात्यांना जुने तेल पुसून, यंत्र कोरड्या जागी झाकून ठेवावे. उंदीर नळ्या कुरतडतात, हेही विसरू नये.

इतके करूनही कधी इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी चिडून दोरी ओढत राहण्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : पेट्रोल पोहोचते काय, ठिणगी पडते काय, हवा मिळते काय? तोटी बंद राहिली आहे, खटका बंद आहे, तेल कमी झाल्यामुळे संरक्षक यंत्रणेने ठिणगी रोखली आहे, किंवा चोक फार वेळ बंद ठेवल्याने प्लग पेट्रोलने भिजला आहे, अशी साधीच कारणे बहुतेक वेळा आढळतात. ती दूर करण्यास गावाबाहेर जावे लागत नाही. गिअरबॉक्समधील खडखडाट किंवा सिलिंडरमधील दाब नाहीसा होणे, हे मात्र जाणत्या कारागिराचे काम आहे. तेथे अर्धवट ज्ञानाने हात घालू नये.

शेवटी एका सामाजिक बाजूचा उल्लेख केला पाहिजे. सर्वांनाच स्वतंत्र यंत्र घेणे शक्य नसते आणि गरजेचेही नसते. अनेक गावांत बचत गट, सहकारी संस्था आणि भाड्याने अवजारे देणारी केंद्रे असे टिलर ठेवतात. ही व्यवस्था चांगली आहे, परंतु सर्वांचे ते कुणाचेच नाही, हा अनुभव यंत्राच्या बाबतीत फार लवकर येतो. यावर उपाय साधा आहे. यंत्राबरोबर एक वही असावी. कोणी, कोणत्या दिवशी, किती तास चालवले, तेल केव्हा बदलले आणि गाळणी केव्हा धुतली, हे तीत लिहिले जावे, आणि यंत्र परत घेताना ती वाचली जावी. ज्याला यंत्र हवे, त्याने ते प्रथम जाणत्याच्या देखरेखीखाली चालवून दाखवावे. शिकवताना घरातील स्त्रियांना वगळू नये. परसबागेचे आणि भाजीच्या वाफ्यांचे काम पुष्कळदा त्यांच्याच हाती असते, आणि हलका टिलर चालवण्यास बळापेक्षा सावधपणाच अधिक लागतो.

माणसाने हजारो वर्षे मातीशी झुंजत अन्न पिकवले. या लहान यंत्राने ती झुंज बरीच सुसह्य केली आहे. त्याच्या बदल्यात ते मागते ते फार नाही : स्वच्छ तेल, स्वच्छ हवा, ताजे इंधन आणि चालवणाऱ्याचे पूर्ण लक्ष. आणि मातीची मागणी याहूनही थोडी आहे. वाफसा येईपर्यंत तिची वाट पाहावी, आणि काम झाले की थांबावे, एवढेच तिचे मागणे आहे.